आतल्यांची यादी

सोमवार, ९ ऑक्टोबर

काल रविवार होता आणि केंड्राचा फोन आला नाही. पोरगी कितीही वाया गेली, कुठेही पडलेली असली, तरी रविवारी दुपारी कुणाचा तरी फोन मागून घेऊन विचारायचीच, “ममा, आज काय केलंयस?” मी सांगायचे. ती म्हणायची, “माझ्या वाटचं ठेव.” ती येणार नाहीये हे दोघींनाही माहीत असायचं, तरी मी ठेवायचे. काल चिकन आणि डम्पलिंग केलं होतं. सबंध दुपार फोनजवळ बसून होते.

मनातलं कुठेतरी लिहून काढ, नाहीतर ते बिचाऱ्या डॉयलवर निघेल, असं चर्चमधली नियोमा म्हणते. तिचं चुकत नाही. आज सकाळी अंडी जास्त शिजली म्हणून मी नवऱ्यावर ओरडले, आणि अंडी मीच केली होती.

शाळेची बस चालवताना नजर रस्त्यावर पाहिजे. आज माझी नजर रस्त्याकडेच्या चरात होती. ओढ्याच्या वळणावर निळं काहीतरी पडलेलं दिसलं आणि मी किंचाळले. केंड्राचं जाकीट निळं आहे. जवळ गेल्यावर कळलं, कुणाच्या तरी ट्रकवरून उडालेली ताडपत्री होती. मागे पोरं दंगा करत होती म्हणून बरं, माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

बुधवार, ११ ऑक्टोबर

अजून पत्ता नाही. चर्चमध्ये बुधवारचं जेवण होतं. भांडी घासताना नियोमाला सांगितलं. नियोमाचा मुलगा डेल गेली कित्येक वर्षं जेलमध्ये ये-जा करतोय. तिथल्या प्रत्येक शिपायाचं नाव आणि त्याच्या बायकोचं दुखणं हिला तोंडपाठ.

“यादीत बघितलंस का?” तिने विचारलं.

“कसली यादी?”

“अगं आर्वेला, कुठल्या जगात राहतेस? आपल्या टॅलबर्ट काउंटीच्या जेलचं पान आहे. आतल्यांची यादी. कुणीही बघावी, फुकट आहे. सकाळची मोजणी झाली की नवी लावतात. मी कॉफी पिता पिता बघते. डेल त्यात दिसला की पोटभर नाश्ता करते.”

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. “मुलगा जेलमध्ये दिसला की तुला भूक लागते?”

“आत आहे म्हणजे जिवंत आहे,” ती म्हणाली. “छप्पर आहे, दार बंद आहे, सुई नाही.”

“आणि नाही दिसला की?”

नियोमाने ताट पुसलं, मग परत पुसलं. “मग मी दुसरी यादी बघते. अंत्यसंस्कारवाल्यांची.”

गुरुवार, १२ ऑक्टोबर

सकाळची फेरी संपवून यादी उघडली. फोटो, नाव, वय, कुणी पकडलं, कशासाठी, जामीन किती. कशासाठी ते इतकं आखूड करून लिहितात की डॉक्टरची चिठ्ठी वाचतोय असं वाटतं. नियोमाला फोन करून करून अर्थ लावले. एक म्हणजे तारखेला कोर्टात गैरहजर. एक म्हणजे दुसऱ्या काउंटीला हा माणूस हवाय, सोडू नका. आणि तिने बजावलं, “हा नुसता आरोप असतो हं. गुन्हा केला असा अर्थ नाही. लोक फोटो बघतात आणि निकाल देऊन मोकळे होतात.”

निम्मी तोंडं माझ्या ओळखीची निघाली. माझ्याच बसमध्ये बसून मोठी झालेली. एकाला मी दात पडला म्हणून रुमाल दिला होता, त्याच्या तोंडात आता पुढचे दात नाहीत.

केंड्रा नाही. शेजारच्या काउंटीचं पान वेगळं, त्याच्या पलीकडच्या काउंटीचं आणखी वेगळं. ती सगळी बघितली. मग दुसरी यादी बघितली. तीत तिचं नाव नव्हतं हे कळल्यावरही मी ती परत वरपासून वाचली.

सोमवार, १६ ऑक्टोबर

सापडली! आपल्याच जेलमध्ये. केंड्रा रे स्टिडम, वय एकतीस. मागे दुकानातून शॅम्पू उचलला होता, त्या खटल्याच्या तारखेला कोर्टात गेली नाही म्हणून पकडलं, आणि खिशात नको ते सापडलं.

फोटो फार वाईट आलाय. गाल आत गेलेत, कपाळाला केस चिकटलेत, ओले दिसतात. काल पाऊस तर नव्हता. ओठ पांढरे. तिथला दिवा तसला असेल, सगळेच त्या फोटोंत मेल्यासारखे दिसतात.

मी रडले आणि मग बिस्किटांवर सफरचंदाचा मुरंबा घालून ती खाल्ली, तीन-चार तरी असतील. पोरगी जेलमध्ये गेली म्हणून आनंदाने खाणारी आई मी. दुपारी बस कोर्टाच्या मागून नेताना जेलच्या भिंतीशी हॉर्न वाजवला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

डॉयलशी भांडण. जामिनाची रक्कम फार नाही. तो म्हणाला, हरणाच्या शिकारीची बंदूक विकतो आणि पोरीला घरी आणतो. शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय आणि हा माणूस बंदूक विकायला निघालाय.

“घरी आणून काय करणार?” मी विचारलं.

“सूप देईन. झोपू देईन.”

“मागच्या वेळी दिलंस ना सूप? तिसऱ्या दिवशी तुझी ड्रिल मशीन घेऊन पळाली. आणि न्हाणीघरात निळी पडलेली कुणाला सापडली होती? मला. तुला नाही.”

“आर्वेला, ती जेलमध्ये आहे.”

“हो! आणि मला ती कुठे आहे ते ठाऊक आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा मला ठाऊक आहे.”

तो उठून शेडमध्ये गेला. आणखी भांडला असता तर बरं झालं असतं. तिथे कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र खोलत बसला. शेवटी ठरलं की दोन आठवडे थांबायचं. म्हणजे मी ठरवलं.

जेलमध्ये फोन केला. तिथली बाई गोड बोलते. “आहे, हनी, ठीक आहे. नशा उतरताना जरा त्रास होतोय तिला, पण तो सगळ्यांनाच होतो सुरुवातीला. तुमचा फोन येऊन गेला म्हणून सांगते तिला.” मी म्हटलं, तेवढं नको सांगू. पण तिने तोवर ठेवला होता.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

आज घरच्या फोनवर जेलमधून फोन आला. आधी यंत्र बोलतं, काउंटी तुरुंगातला कैदी आपल्याशी बोलू इच्छितो, मग क्षणभर जागा सोडतात तिथे कैद्याने आपलं नाव सांगायचं, मग यंत्र म्हणतं, स्वीकारायचा असेल तर एक दाबा. नावाच्या जागी तिचा आवाज आला, चिडका, नेहमीचा. “केंड्रा!”

मी एक दाबला नाही.

नियोमाने आधीच सांगून ठेवलं होतं. “पहिल्या दिवसांत उचलू नकोस. रडतील, भीक मागतील, जामीन भर म्हणतील. तू विरघळशील आणि आठ दिवसांत आपण तिच्यासाठी बटाट्याचं सॅलड करत बसू, चर्चच्या तळघरात.” आमच्याकडे मयताला बटाट्याचं सॅलड असतंच.

डॉयलने शेडमधून विचारलं कुणाचा फोन. मी म्हटलं, गाडीचा विमा विकणारा.

रविवार, २२ ऑक्टोबर

परत फोन. या वेळी नावाच्या जागेत तिने घाईघाईने कोंबलं, “ममा उचल ना बरं नाहीये.” सगळे कैदी असंच करतात म्हणे, तेवढ्या फुकटच्या क्षणात निरोप घालतात. डेलने एकदा तेवढ्यात मोज्यांचा नंबर सांगितला होता.

बरं नाहीये म्हणजे काय ते मला माहीत आहे. नशा उतरताना माणसाला मरण बरं वाटतं. थंडी वाजते, हाडं दुखतात. पण त्याने कुणी मरत नाही. मागच्या वेळी आठवड्यात उठून बसली होती. आताही बसेल. मी देवाला सांगितलं, तिला सहन करायचं बळ दे. मलाही दे, मी फोनची वायर काढून ठेवू नये म्हणून.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

पेट्रोल पंपावर ते पेपर ठेवतात ना, नुसते पकडलेल्यांचे फोटो असलेले, त्यात या आठवड्यात केंड्रा पहिल्याच पानावर आहे. बसच्या आवारात टेबलावर तो पेपर पडला होता. मी आत शिरले तसा दुसरी बस चालवणाऱ्या रॉडनीने तो पालथा घातला आणि वर आपला डबा ठेवला. रॉडनी माझ्याशी कधी धड बोलत नाही. आज मला त्याच्या डब्याचा मुका घ्यावासा वाटला.

आता मी यादी वाचण्यात पटाईत झालेय. शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई आपल्या भाच्याबद्दल विचारायला आली. तो दिसेना म्हणून ती घाबरली होती. मी दाखवलं, अगं हा दुसऱ्या काउंटीने नेलाय, सुटला नाही, तिकडचं पान बघ. बघितलं तर तिथे होता, हसत होता फोटोत. तिने मला मिठी मारली. मला उगाच मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

केंड्रा आहे. रोज सकाळी आहे. मी तिच्या फोटोला गुड मॉर्निंग म्हणते.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

फोन आला. नावाच्या जागेत ती काही बोललीच नाही. नुसता श्वास, आत घेतलेला आणि अर्ध्यावर थांबलेला. रडत असावी. पण जामिनाबद्दल काही नाही, उचल म्हणूनही नाही. मला वाटलं, शांत झाली पोरगी. निवली. डॉयलला म्हटलं, बघ, जेल मानवतंय तिला.

तो म्हणाला, “तुला कसं कळलं?”

मी म्हटलं, आईला कळतं.

शनिवार, २८ ऑक्टोबर

नाव आहे, पण खाली सरकलंय. सुटलेल्यांत. शेजारी लिहिलंय, जातमुचलक्यावर सुटका.

म्हणजे जामीन न भरता, नुसत्या तिच्या सहीवर सोडली. आम्हाला न कळवता. माझ्या हातातून कॉफीचा कप पडला. डॉयलला आनंदच झाला, वेड्यासारखा गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला. मला आनंद होईना. ती बाहेर आहे. इतके दिवस नशेशिवाय राहिलेलं अंग घेऊन बाहेर आहे, आणि अशाच वेळी मरतात, पहिल्या दिवशीच, जुन्या सवयीने जुनाच डोस घेऊन. नियोमाने अशी किती नावं सांगितली आहेत मला.

ती राहायची त्या ट्रेलरच्या घराकडे गेलो. दाराला फळी ठोकलेली. कुत्रं होतं, तेही उपाशी. डॉलर स्टोअरच्या मागे बघितलं, पुलाखाली बघितलं. डॉयल हाका मारत होता, “सिस! ए सिस!” ती लहान असताना तो तिला लाडाने सिस म्हणायचा. मी चरात बघत होते.

जेलमधल्या बाईला फोन केला. “सुटली, हनी. माझ्या समोर एवढंच आहे.”

“कुणाबरोबर गेली? चालत गेली? जाकीट होतं का अंगावर?”

“ते इथे लिहिलेलं नसतं.”

बाई चांगली आहे, पण आज तिच्या आवाजात ती गोडी नव्हती. ठेवायची घाई होती. दुसरी यादी मी किती वेळा उघडली ते माझं मला माहीत.

रविवार, २९ ऑक्टोबर

चर्चला गेलो नाही. नियोमाच चर्च सोडून आली, डोक्यावर टोपी तशीच. मी तिला पान दाखवलं. तिने चष्मा लावला, वाचलं, आणि खुर्ची ओढून बसली.

“हे शनिवारी सकाळी लागलंय. म्हणजे सही शुक्रवारी संध्याकाळची,” ती म्हणाली. “आर्वेला, शुक्रवारी दुपारनंतर आपला जज्ज तलावावर असतो. नशेच्या आरोपावर जातमुचलक्यावर कुणाला सोडत नाहीत, आणि शुक्रवारी संध्याकाळी तर कुणालाच नाही.”

“मग तिला का सोडलं?”

तिने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“नियोमा, का सोडली?”

“कैदी फार आजारी पडला तर हॉस्पिटलचं बिल काउंटीच्या गळ्यात येतं. आणि मेला तर चौकशी. म्हणून आधी सोडतात. ॲम्ब्युलन्समध्ये असताना सोडतात. कागदावर तो आपला मोकळा माणूस.” तिने माझा हात धरला. “हे मी तुला शिकवायला हवं होतं गं. सुटका म्हणजे काय काय असू शकतं ते. मला वाटलं नाही, तुला याची गरज पडेल.”

डॉयलने तोवर फोन उचलला होता. आमच्या गावच्या दवाखान्याने सांगितलं, शुक्रवारी आणली होती, इथे जमण्यासारखं नव्हतं, लेक्सिंग्टनच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवली. तिथल्या बाईने आडनावाचं स्पेलिंग विचारलं. डॉयल एकेक अक्षर सांगत होता आणि त्याचा आवाज दर अक्षराला बारीक होत गेला.

जिवंत आहे.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर, लेक्सिंग्टन

हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून लिहितेय. हृदयाच्या झडपेला जंतूंनी खाल्लंय. सुईतून रक्तात जातात आणि तिथे घर करतात. ताप, थंडी, पाठ दुखणं, धाप. डॉक्टर तरुण मुलगी आहे, हळू बोलते. ती म्हणाली, बाहेरून बघणाऱ्याला हे नशा उतरण्यासारखंच वाटतं. डॉयलने विचारलं, किती दिवस असेल हे? ती म्हणाली, दोन आठवड्यांपेक्षा जास्तच. मग त्याने विचारलं, आधी आणलं असतं तर? ती म्हणाली, आता पुढचं बघू या.

मी तो फोटो तिला दाखवला. का दाखवला कोण जाणे. तिने तो मोठा करून बघितला आणि विचारलं, “हा कधीचा?” मी सांगितलं, पकडल्या दिवशीचा. तिने फोन पालथा करून मला परत दिला.

बारा दिवस मी रोज सकाळी त्या तोंडाकडे बघत होते.

बुधवार, १ नोव्हेंबर

उद्या सकाळी झडप बदलणार. आज दुपारी घशातली श्वासाची नळी काढली तेव्हा केंड्रा बोलली. आवाज घासलेला, पण तिचाच. शब्दाशब्दाला थांबत होती.

“ममा. आलीस.”

“आले गं राणी.”

“कसं कळलं तुला?”

मी काहीतरी पुटपुटले. ती डोळे मिटून हसली. “आतल्या पोरी म्हणायच्या, तुझ्या घरचे तुला विटले. फोनसुद्धा घेत नाहीत. मी म्हटलं, गप बसा, फोन बिघडलाय आमचा. माझ्या ममाला कळलं असतं तर अंगावरच्या कपड्यांनिशी धावत आली असती.”

मी तिचे पाय चोळत होते. ते गार होते. मी चोळतच राहिले.

मग तिने डोळे उघडले. “पण ती जेलमधली बाई म्हणाली, तुझ्या आईचा फोन येऊन गेला. खोटं बोलली ना?”

आता सांगायचं, असं मी ठरवलं. खरंच ठरवलं होतं. तोंडही उघडलं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि उद्या तिची छाती उघडणार होते.

“खोटं नाही,” डॉयल म्हणाला. तो पलंगाच्या त्या बाजूला उभा होता, टोपी हातात. “मी करायला लावला होता. तू आहेस का तिथे, एवढंच बघायला. आणि जामीन भरायचा नाही, फोन घ्यायचा नाही, हेही मीच सांगितलं तुझ्या आईला. ती रोज रडायची. मी ऐकलं नाही.”

तिचे फोन मी घेतले नाहीत, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. तरी त्याला माहीत होतं. विमा विकणाऱ्याचा फोन मी न बोलता ठेवत नाही, चार शब्द सुनावून ठेवते, हे तो ओळखून आहे.

केंड्राने मान त्याच्याकडे वळवली. “मी मरत होते, डॅडी,” ती म्हणाली. मग तिने तोंड माझ्या बाजूला वळवलं आणि माझा हात आपल्या गालाखाली घेतला. डॉयलने टोपी डोक्यावर घातली आणि कॉफी आणतो म्हणून बाहेर गेला.

मी तिच्या गालाखालून हात काढला नाही. एक शब्द बोलले नाही.

गुरुवार, २ नोव्हेंबर

सकाळीच तिला नेलं. नेताना तिने माझं बोट घट्ट धरलं होतं, दारापर्यंत. डॉयलने “सिस” म्हणून हाक मारली. तिने मान वळवली नाही.

चार-पाच तास लागतील म्हणालेत. डॉयल समोरच्या खुर्चीत बसलाय. मी त्याला म्हटलं, “मी सांगेन तिला. शुद्धीवर आली की पहिलं हेच सांगेन.”

“येऊ दे आधी,” तो म्हणाला.

मला फार भीती वाटतेय. ते दार उघडलं की दर वेळी मी उभी राहते. देवा, तिला परत पाठव. मग तिला माझ्याशी जन्मभर बोलायचं नसलं तरी चालेल.